खारीमागे केंटकीच्या रानात

लेक्सिंग्टन सोडून माउंटन पार्कवेला लागलं की तासाभरात केंटकीचा नूर पालटतो. शर्यतीच्या घोड्यांची कुरणं आणि त्यांच्याभोवतीची मैलोगणती लाकडी कुंपणं मागे पडतात, रस्ता डोंगरांत शिरतो आणि स्लेड नावाच्या लहानशा ठिकाणी वाळूखडकाचे कडे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे गाड्यांची रीघ असते. निम्मे लोक कडे चढायला आलेले असतात, कारण रेड रिव्हर गॉर्ज हे प्रस्तरारोहणाचं नामांकित ठिकाण आहे. बाकीचे येतात ते पानांचे रंग बघायला. हिकरी आणि ट्यूलिप पॉप्लर पिवळेधमक, मेपल शेंदरी, सावरवुड लालभडक, बीच तांबूस. या दोन्ही गर्दींत न बसणारा तिसरा गट मात्र सहसा नजरेला पडत नाही. तो उजाडायच्या आतच रानात शिरलेला असतो. पर्यटक कॉफीचे पेले सांभाळत गाडीतून उतरतात, तेव्हा तो पिकअपच्या मागच्या फळीपाशी उभा राहून खारी सोलत असतो.

खारी! मराठी वाचक इथे दचकणार, हे उघड आहे. सेतू बांधताना वाळूचे कण वाहिले म्हणून रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली, तिच्यावर बंदूक रोखायची कल्पनाच आपल्याला सोसत नाही. योगायोग असा की महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू म्हणजे खारच, आणि केंटकीनेही १९६८ मध्ये राज्याचा म्हणून जो वन्यप्राणी निवडला ती करडी खारच. मात्र शेकरूला मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य राखून ठेवलेलं आहे. केंटकीच्या खारीला मान मिळाला तोच मुळी शिकारीचं जनावर म्हणून. तिथे खार राज्याच्या मानचिन्हांच्या यादीतही असते आणि रविवारच्या पातेल्यातही.

स्लेडहून रानात शिरायची गमतीदार वाट नाडा बोगद्यातून जाते. लांबी ९०० फूट, रुंदी जेमतेम बारा. आत दिवा नाही, भिंती खडबडीत, आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा. समोर दिवे दिसले तर तोंडाशी थांबायचं, पलीकडचा बाहेर पडला की आपण शिरायचं. सिग्नल नाही, शिपाई नाही, तरी हा व्यवहार बिनबोभाट चालतो. हा बोगदा गाड्यांसाठी खणलेला नव्हताच. १९१० च्या सुमारास लाकूड कंपन्यांनी तो आगगाडीसाठी फोडला आणि पलीकडच्या खोऱ्यातली झाडं ओंडके करून याच वाटेने बाहेर काढली. आज जे घनदाट जंगल दिसतं, ते त्या कत्तलीनंतर पुन्हा उगवलेलं आहे. १९३७ मध्ये सरकारने ते कंबरलँड नॅशनल फॉरेस्ट म्हणून राखलं. १९६६ मध्ये त्याला डॅनियल बून या शिकाऱ्याचं नाव दिलं. सात लाख एकरांचा हा मुलूख खारीच्या शिकारीला खुला आहे. शेजारच्याच नॅचरल ब्रिज स्टेट पार्कमध्ये मात्र बंदूक चालवायची नाही. नॅशनल फॉरेस्टमध्येही घर, तंबूची जागा किंवा वावराचं ठिकाण दीडशे यार्डांच्या आत असेल तर गोळी झाडता येत नाही. म्हणून इथला जाणता शिकारी गाडीतून उतरल्यावर आधी नकाशा उघडतो, बंदूक नंतर.

जंगल परत आलं, पण जसंच्या तसं नाही. इथल्या डोंगरांवर पूर्वी अमेरिकन चेस्टनटचं राज्य होतं. हे झाड उन्हाळा लागल्यावर फुलतं, त्यामुळे वसंतातल्या अवकाळी हिमाने त्याचा मोहोर जळत नसे आणि फळ न चुकता दरसाल येई. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक बुरशी आढळली. पुढल्या चाळीस-पन्नास वर्षांत तिने अब्जावधी चेस्टनट उभ्या जागी वाळवले. तेव्हापासून खारींचं पोट हिकरी आणि ओकवर आलं, आणि ओक हे लहरी झाड आहे. एखाद्या साली जमीन झाकून टाकेल इतकी फळं, तर पुढच्या साली औषधालाही नाही. म्हणून केंटकीचं वन्यजीव खातं दरवर्षी पानगळीआधी झाडांवरच्या फळांची पाहणी करतं आणि शिकारी त्या अहवालाकडे डोळे लावून बसतात.

खारीच्या शिकारीचं अर्धं शास्त्र झाडांचं आहे. हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. तेव्हा पानं गच्च असतात आणि खारी हिकरीवर तुटून पडलेल्या असतात. सप्टेंबर उलटला की बीच आणि पांढरा ओक यांची पाळी येते. पुढे तांबडा ओक, मग काळा अक्रोड. हा क्रम ज्याला ठाऊक नाही तो दिवसभर डोंगर तुडवून रिकाम्या हाताने परततो. ज्याला ठाऊक आहे तो एका झाडाखाली जाऊन बसतो. यातली एक बारीक गोष्ट तर खार माणसापेक्षा चांगली जाणते. पांढऱ्या ओकचं फळ पडल्या पडल्या, त्याच हेमंतात रुजतं. तांबड्या ओकचं फळ वसंताची वाट बघतं. त्यामुळे करडी खार तांबड्या ओकची फळं बिनधास्त पुरून ठेवते, आणि पांढऱ्या ओकची पुरायची झाली तर आधी त्यातला कोंब कुरतडून टाकते, म्हणजे साठा उगवून वाया जायला नको.

झाड सापडलं, पण त्यावर खार आहे का? त्यासाठी वर बघायच्या आधी खाली बघावं. हिकरीच्या बुंध्याशी वाकलं तर वाळल्या पानांवर कुरतडलेल्या टरफलांचा चुरा पडलेला असतो. तो चिमटीत घ्यायचा. काळपट आणि कोरडा असेल तर तो जुना, त्या झाडावरचं जेवण केव्हाच उरकलं. फिकट, किंचित हिरवट असेल, बोटाला ओल लागत असेल आणि कच्च्या अक्रोडासारखा उग्र वास येत असेल, तर खार आज सकाळीच इथे होती, कदाचित आत्ताही डोक्यावर आहे. मग तोंड मिटायचं आणि कान उघडायचे. हिकरीचं कवच इतकं टणक असतं की ते फोडायला खारीलाही वेळ लागतो, आणि त्या वेळात दातांचा करकर आवाज शांत हवेत बराच दूर जातो. मधूनच कवचाचे तुकडे पानांवरून घरंगळत खाली येतात. केंटकीतले कित्येक म्हातारे शिकारी नजर अधू झाल्यावरही खारी आणतात, ते या कानांच्या बळावर.

इथे आजोबांना पॅपॉ म्हणतात आणि आजीला मॅमॉ. बहुतेकांची पहिली शिकार पॅपॉबरोबर झालेली असते आणि पॅपॉचा पहिला धडा बंदुकीचा नसतो, बसण्याचा असतो. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा निवडायचा, त्याला पाठ टेकायची, बुडाखालची वाळली पानं आधीच हाताने बाजूला सारायची, म्हणजे हालचाल झाली तरी वाजणार नाही. मग गप्प बसायचं. माणूस शिरला की रान चिडीचूप होतं. पाव तास, वीस मिनिटं गेली की आधी चिमण्या बोलू लागतात, मग सुतार, आणि शेवटी एखादी फांदी वाऱ्याशिवाय हलते. पोराने उतावळेपणाने मान वळवली की खेळ पहिल्यापासून सुरू.

दिसली म्हणजे मिळाली असंही नाही. करडी खार माणसाला पाहून पळत नाही, खोडाच्या पलीकडे सरकते. माणूस डावीकडून गेला की ती उजवीकडे, तो उजवीकडून आला की ती डावीकडे, आणि मधलं खोड कायम आड. जोडीदार असेल तर एकाने बसून राहायचं आणि दुसऱ्याने झाडाला फेरी घालायची. एकट्याने पलीकडच्या झुडपात दगड भिरकवायचा. त्या आवाजाला बिचकून ती अलीकडे आली तर आली. काहीजण तिला बोलतं करतात. रबरी भात्याची एक शिट्टी बाजारात मिळते, ती तळव्यावर आपटली की चिडलेल्या खारीचा कुक-कुक आवाज निघतो. फुकटातली युक्तीही आहे. पाव डॉलरच्या नाण्यांच्या कडेला बारीक खाचा असतात, त्या दुसऱ्या नाण्याने घासल्या की हुबेहूब हिकरी कुरतडल्याचा भास होतो. कुणीतरी जेवतंय असं वाटून दुसरी खार डोकावते. हावरटपणा खारीलाही भोवतो.

आता बंदुकीकडे. हंगामाच्या सुरुवातीला पानांच्या गर्दीतून एकच गोळी नेमकी घालणं अवघड, म्हणून पुष्कळजण छऱ्यांची बंदूक घेतात. पानं झडू लागली की खरा मान पॉइंट टू-टू रायफलीला. या काडतुसाचं घराणं जुनं आहे. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी आखूड टू-टू काडतूस काढलं. आज जगभर चालतं ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने आणलं. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन साधारण २.६ ग्रॅम. धक्का जवळजवळ नाही, आवाज फटाक्याएवढा, किंमत कमी. दहा-बारा वर्षांचं पोरही ती निर्धास्त हाताळू शकतं, आणि म्हणूनच ती पॅपॉच्या कपाटातून नातवाच्या हातात जाते. हेच काडतूस आपल्याकडेही परकं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं, ते याच टू-टू लाँग रायफलने. त्यांच्या निशाणीवरचं दहाचं वर्तुळ एका सेंटिमीटरहून थोडं मोठं असतं. खारीचं डोकं त्यापेक्षा पुष्कळ मोठं, आणि अंतरही बहुधा पंचवीस-तीस मीटरच. पण निशाणी हलत नाही, शेपटी उडवत नाही आणि पानाआड जात नाही.

नेम डोक्यावरच धरायचा, हा इथला दंडक. अंगात गोळी शिरली तर एवढ्याशा जनावरातलं मांस वाया जातं, आणि जखमी खार ढोलीत शिरली की गेलीच. २००२ मध्ये हॉर्नेडी कंपनीने पॉइंट वन-सेव्हनचं एक अतिवेगवान काडतूस आणलं. ते लांबवर तारेसारखं सरळ जातं खरं, पण चुकून धडात बसलं तर पातेल्यात टाकण्याजोगं फार काही उरत नाही. म्हणून जुने शिकारी त्याच्याकडे नाक मुरडतात. त्यांच्या हातात बहुधा मार्लिनची मॉडेल सिक्स्टी असते किंवा रुगरची १९६४ पासून निघणारी टेन-ट्वेंटीटू. हौशी माणसाकडे वर टू-टूची आणि खाली छऱ्यांची अशी जोडनळी बंदूकही सापडते.

बंदूक लहान, म्हणून ती निरुपद्रवी नव्हे. काडतुसांच्या खोक्यावरच इशारा छापलेला असतो की गोळी दीड मैल जाऊ शकते. खार शेंड्यावर, तिच्यामागे नुसतं आकाश, आणि नळी वर रोखलेली, अशी वेळ रोज येते. गोळी हुकली तर ती डोंगरापलीकडे कुणाच्या अंगणात उतरेल, सांगता येत नाही. त्यामुळे शहाणा शिकारी थांबतो. खार खोडाला चिकटून बसली आणि मागे जाड लाकूड आलं, तरच चाप ओढतो. सकाळभरात चार वेळा नेम धरून एकदाच गोळी झाडणं, हे इथे चांगल्या शिकाऱ्याचं लक्षण समजतात.

या नेमबाजीची एक भन्नाट कथा केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथे ऐकायला मिळते. तिथल्या टेकडीवरच्या दफनभूमीत डॅनियल बूनचं थडगं आहे. खाली केंटकी नदीचं वळण दिसतं. बून १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून वाट काढत वसाहतवाल्यांना घेऊन इथे आला, १८२० मध्ये मिझूरीत वारला, आणि १८४५ मध्ये त्याचे अवशेष इकडे आणले गेले. ते त्याचेच आहेत का, यावर दोन्ही राज्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पक्षिचित्रकार ऑड्युबॉनने १८३१ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे की याच नदीकाठी, ओक-हिकरी-अक्रोडांच्या रानात, बूनने त्याला खारी मारून दाखवल्या, आणि त्याही एकीलाही गोळी न लावता. बून खारीच्या अंगाखालच्या सालीवर गोळी मारायचा. सालीच्या ठिकऱ्या उडत आणि त्या दणक्याने खार हवेत फेकली जाऊन मरून पडे. कातडीला ओरखडा नाही, मांसाला भोक नाही.

कथा इतकी सुरेख आहे की शंका घेणं जिवावर येतं, पण घ्यायला हवी. बून १७९९ मध्येच केंटकी सोडून मिझूरीला गेला होता, आणि ऑड्युबॉन केंटकीत उतरला १८०७ मध्ये. शिवाय ऑड्युबॉनला थापा मारायची खोडच होती. हेंडरसन गावी पाहुणा आलेल्या राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाला त्याने ओहायो नदीतल्या काही मनगढंत माशांची वर्णनं रंगवून सांगितली आणि त्या बिचाऱ्याने ती शास्त्रीय म्हणून छापूनही टाकली. तरी सालीवर गोळी मारायची ही कला निव्वळ बाता म्हणून सोडता येत नाही. ठासणीच्या बंदुका वापरणारे हौशी आजही ती करून बघतात, आणि कधीमधी साधतेही.

त्या काळच्या लांबलचक रायफलींना केंटकी रायफल म्हणत असले तरी त्या घडायच्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांच्या भात्यावर. नळी चाळीस इंचांहून लांब, दस्ता लहरीदार रेषांच्या मेपलचा. त्यातल्या बारीक तोंडाच्या रायफली खास खारींसाठी, कारण रानात शिसं आणि दारू दोन्ही दुर्मीळ. पॉइंट थ्री-सिक्सच्या मापाने एक पौंड शिशातून शंभराच्या आसपास गोळ्या ओतता येत. काटकसर पुढे इतकी की झाडात रुतलेली गोळी चाकूने उकरून पुन्हा वितळवत. गोऱ्यांच्या आधीही या डोंगरांत खारीची शिकार होतीच. चेरोकी लोक नदीकाठच्या वेताची पोकळ नळी करून, काटेरी झुडपाचा कापूस गुंडाळलेला बाण फुंकरीने मारत. आवाज नाही, दारू नाही. लहान तोंडाचं हत्यार म्हणावं तर तेच सगळ्यात पहिलं.

सुरुवातीच्या वसाहतींना खार म्हणजे मेजवानी नव्हती, पीडा होती. मक्याची कणसं ती शेतातच फस्त करी. १७४९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने एका खारीमागे तीन पेन्स बक्षीस लावलं, आणि सहा लाखांहून जास्त खारींचे पैसे मोजता मोजता खजिना मेटाकुटीला आला. ओहायोने १८०७ मध्ये शक्कल लढवली आणि बक्षीस देण्याऐवजी करदात्यांवरच खारींची टाळकी आणून द्यायची सक्ती केली. सारा भरायला जाताना माणूस खारींच्या कातड्यांची जुडी घेऊन चावडीवर निघालेला आहे, हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणणंही कठीण.

अशा पोरवयापासून खारींवर हात बसवलेल्या माणसांचा एकदा सैन्य म्हणूनही उपयोग झाला. केंटकीच्या उत्तर सीमेवर, ओहायो नदीपलीकडे सिनसिनाटी शहर आहे. १८६२ च्या सप्टेंबरात यादवी युद्धातलं दक्षिणेचं सैन्य त्या रोखाने चालून आलं आणि शहरात धावाधाव झाली. ओहायोचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली, बंदूक असेल त्याने घेऊन यावं, आगगाडी फुकट. पंधरा हजारांहून जास्त शेतकरी आले, कुणाच्या हाती वडिलांची ठासणीची बंदूक, कुणाच्या कमरेला शिंग, गणवेश कुणालाच नाही. लोक त्यांना 'स्क्विरल हंटर्स' म्हणू लागले. नदीवर तराफ्यांचा पूल टाकून ते पलीकडे केंटकीच्या टेकड्यांवर मोर्चे धरून बसले. काही दिवसांनी शत्रू लढाई न देताच मागे वळला. ओहायोच्या विधिमंडळाने पुढे त्यांना छापील मुक्ततापत्रं दिली. पगार मात्र मिळाला १९०८ मध्ये. हयात असलेल्यांना तेरा डॉलर, म्हणजे १८६२ च्या दराने एक महिन्याचा.

याच ओहायो नदीवर १८०३ च्या सप्टेंबरात मेरिवेदर लुईस आपली नाव घेऊन पश्चिमेच्या मोहिमेला निघाला होता. त्याला नदीत पोहत जाणाऱ्या खारी दिसल्या, एकामागून एक, पश्चिम तीराकडून पूर्वेकडे. दोन्ही तीरांवर फळांची झाडं असताना या का निघाल्या, याचा त्याला उलगडा होईना. त्याचा न्यूफाउंडलंड कुत्रा सीमन पाण्यात उडी टाकून खारी धरून आणायचा. लुईसने त्या तळून खाल्ल्या आणि चरबीदार, चविष्ट असल्याचं रोजनिशीत टिपून ठेवलं. असा लोंढा विसाव्या शतकातही दिसला. १९६७ साली आग्नेय अमेरिकेत ओकला अमाप फळ आलं, खारींची पिल्लावळ वाढली. १९६८ मध्ये पीक बुडालं आणि सप्टेंबरात खारी भुकेने बाहेर पडल्या. रस्त्यांवर चिरडलेल्या, तलावांत बुडालेल्या. मेरिलँड विद्यापीठाचे व्हॅग्न फ्लायगर यांनी त्याचा अभ्यास केला, आणि कारण निघालं ते हेच, आदल्या वर्षीची चंगळ आणि त्या वर्षीचा दुष्काळ. केंटकीने खारीला राज्याचा प्राणी केलं तेही नेमकं याच साली.

शिकारीमुळे खारी संपतील ही भीती इथल्या जीवशास्त्रज्ञांना फारशी वाटत नाही, त्याचं कारण यात आहे. मादी वर्षाला दोनदा विते, एका वेळी दोन-चार पिल्लं. त्यातली बहुतेक पहिल्याच वर्षी मरतात, ससाण्यामुळे, थंडीमुळे, उपासमारीने. खारींची संख्या ठरवतो तो ओक. तरीही माणशी दिवसाला सहाच, ही मर्यादा केंटकीत कडक आहे, आणि नोव्हेंबरात हरणांच्या बंदूक हंगामाच्या तोंडावर खारींची शिकार दोन दिवस बंदही ठेवतात. १ जानेवारी १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याचं कार्ड लागतं. अमेरिकेत कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक ध्यानात ठेवलेलं बरं. अशा व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याची एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला अपवाद, तेव्हा आधी परवाना, मग बाकी सगळं.

सोलण्याचं काम नवख्याला सगळ्यात जड जातं. खारीची कातडी अंगाला घट्ट चिकटलेली असते आणि केस मांसाला लागले की सुटता सुटत नाहीत. म्हणून आधी ती पाण्यात बुडवून ओली करतात. मग शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूने, चाकूने हाडापर्यंत छेद, पण पाठीकडची कातडी शाबूत. शेपटीवर बुटाची टाच रोवायची, मागचे पाय धरायचे आणि एकाच ओढीत वर खेचायचं. जमलं तर सदरा काढावा तशी कातडी डोक्यापर्यंत निघते. 'जॉय ऑफ कुकिंग' या अमेरिकेतल्या घरोघरच्या पाकपुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत हे बुटासकट चित्र काढून दाखवलेलं होतं. ऑगस्टात मारलेल्या खारीच्या कातडीखाली कधी माशीची जाड अळी निघते. मांस त्याने बिघडत नाही, पण भूक मरते. कितीतरी लोक पहिलं हिम पडेपर्यंत बंदूक बाहेर काढत नाहीत, ते यासाठी.

कोवळी खार पिठात घोळवून तळायची, तव्यात उरलेल्या चरबीत मैदा परतून दुधाची दाट ग्रेव्ही करायची, आणि सोबत गरम बिस्किटं. ही बिस्किटं म्हणजे आपल्या चहाबरोबरची नव्हेत, भाजलेले मऊ पाव. जून खारीला तासभर शिजवून तिच्या रश्श्यात कणकेचे गोळे सोडतात. मांस रंगाने कोंबडीच्या मांडीसारखं, चवीला किंचित गोडसर. पश्चिम केंटकीत बर्गू नावाचा रस्सा मोठमोठ्या कढयांत रटरटत असतो. हल्ली त्यात मेंढी आणि कोंबडी असते, पूर्वी खार हमखास असे. व्हर्जिनियातल्या ब्रन्सविक परगण्याचा तर दावा आहे की त्यांच्या नावाचा स्ट्यू १८२८ मध्ये शिकारीच्या तळावर खारींपासूनच पहिल्यांदा शिजला. जॉर्जियातल्या ब्रन्सविक गावाला तो दावा मान्य नाही.

जुन्या घरांत खारीचं डोकंही खात, मेंदू अंड्यांबरोबर परतून. १९९७ मध्ये केंटकीच्या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये एक पत्र छापलं. मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब या दुर्मीळ आजाराचे पाच रुग्ण त्यांना आढळले होते आणि पाचही जण खारीचा मेंदू खाणारे होते. संबंध पुढे सिद्ध झाला नाही. पण मॅड काउच्या धास्तीचे ते दिवस, बातमी देशभर पसरली आणि पुष्कळ घरांतून ती परतलेली डिश कायमची उठली.

खारीचे शिकारी मात्र रोडावलेत, ते रोगाच्या भीतीने नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्व अमेरिकेत हरणं आणि रानटर्की जवळजवळ नामशेष होती, त्यामुळे ज्याला शिकार करायची त्याने खार किंवा ससा मारायचा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. त्या पैशातून हरणं परत आली, टर्की परत आली, आणि तरुण शिकारी त्यांच्यामागे गेले. टू-टूच्या प्रत्येक खोक्यावर खारीच्या शिकाऱ्याने भरलेल्या कराने त्याच्याच छंदाची गर्दी ओसरवली, असं म्हणायला जागा आहे. जे उरलेत त्यांची त्याबद्दल तक्रार नाही. त्यांना रान मोकळं मिळतं.

शेपटी खाता येत नाही, पण तीही टाकत नाहीत. विस्कॉन्सिन राज्यातल्या अँटिगो गावी मेप्स ही मासेमारीच्या गळांची कंपनी आहे. ती फिरत्या पात्याच्या गळावर खारीच्या शेपटीचे केस बांधते, कारण पाण्यात ते जिवंत असल्यासारखे लहरतात. शिकाऱ्यांकडून ती कैक दशकं शेपट्या विकत घेत आली आहे. भाव एका शेपटीला काही सेंट. रोख नको असेल तर बदल्यात गळ. निव्वळ शेपटीसाठी खार मारू नका, असंही कंपनी बजावते. पाठवायची रीत ठरलेली आहे. बुडाशी भरपूर मीठ चोळायचं, वाळायच्या आत शेपटी सरळ करून ठेवायची, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, नाहीतर अँटिगोला पोचेपर्यंत सडते.